हत्तीखालची हजेरी

सुरक्षेच्या बाबतीत आमच्या घरात कुणाला काही शिकवायचं बाकी राहिलेलं नाही. माझं सगळं शिकवून झालंय आणि कुणीही ते ऐकलेलं नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. माझ्या परवानगीशिवाय तिथं कुणी हेल्मेटसुद्धा काढत नाही (असं मी घरी सांगतो). त्यामुळे मुलांच्या सुट्टीत वॉटर पार्कला जायचं ठरल्यावर नियोजन कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता.

"गुरुवारी जायचं!" मी जाहीर केलं. "रविवारी अख्खं पुणं लोटतं. गुरुवारी पार्क आपलंच!"

"अहो, पण गुरुवारी सगळ्याच कंपन्यांना सुट्टी असते ना?" माझी बायको रूपाली म्हणाली.

"कंपनीवाले गुरुवारी झोपतात."

हे मी अनुभवावरून बोललो होतो. मी स्वतः गुरुवारी झोपतोच.

निघायच्या आधी मी काळेवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना दिल्या. सुरक्षा सप्ताहातले उरलेले पोपटी टी-शर्ट मी जपून ठेवले होते. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा प्रथम'. पाण्यात चालतील असे सुळसुळीत, आणि रंग असा की डोळे मिटले तरी दिसावा! पहिलीतल्या ओमला तो पार पोटऱ्यांपर्यंत आला. चौथीतल्या स्वराने नाक मुरडलं. रूपाली म्हणाली, "फोटोत मी मिरचीच्या पाटीसारखी दिसणार." आईने मात्र तो नऊवारीवरच चढवला.

"ही बंडी कशापायी रं, संदीपा?"

"गर्दीत कुणी चुकलं तर लांबून ओळखू यावं म्हणून. आणि समजा, चुकलंच कुणी, तर काय करायचं? घाबरायचं नाही. पळायचं नाही. गेटजवळ सिमेंटचा हत्ती आहे, गपचूप त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. तो आपला असेंब्ली पॉइंट! कळलं?"

"व्हय," आई म्हणाली. ओम नाकात बोट घालून पंख्याकडे बघत होता.

पार्कच्या पार्किंगमध्ये शिरलो आणि मला पहिला धक्का बसला. गाड्या लावायला जागा नव्हती. भोसरी, तळवडे, चाकण, सगळा पट्टा सुट्टी घेऊन तिथं उतरला होता. दुसरा धक्का गेटच्या आत बसला. जिकडे बघावं तिकडे पोपटी टी-शर्ट! पाठीवर 'सुरक्षा प्रथम'! टी-शर्ट छापणाऱ्याकडे पोपटी कापडाचे गठ्ठे पडून होते आणि त्याने ते यंदा आसपासच्या सगळ्या कंपन्यांच्या गळ्यात मारले होते, हे मला नंतर कळलं. आणि पोरं हरवू नयेत म्हणून तेच घालायची अक्कलही पट्ट्यातल्या प्रत्येक बापाला एकाच वेळी सुचली होती.

आई कौतुकाने बघत राहिली. "ही समदी तुज्याच हाताखालची हायत व्हय रं?"

मी नाही म्हणालो नाही.

बायकांचं कपडे ठेवणं चालू होतं तेवढ्यात मी ओमला घेऊन घसरगुंडीवर गेलो. पाण्यात टोपी आणि गॉगल सक्तीचे. वरून आधी ओमला सोडलं आणि मागोमाग मी सुटलो. माझ्या नाकातोंडात, कानात आणि जिथं जाऊ नये तिथंही पाणी गेलं. खाली आल्यावर चाचपडत समोरचा पोपटी टी-शर्ट धरला, लहानगा हात हातात घेतला आणि बाहेर आलो.

एरवी ओमचं तोंड मिनिटभर बंद नसतं. आता तो एक अक्षर बोलेना. भाजलेलं कणीस घेऊन दिलं, तेही निमूटपणे खाल्लं. शिस्त म्हणतात ती ही, मला भरूनच आलं.

"बघ!" मी रूपालीला म्हणालो. "माझ्याबरोबर असला की कसा वागतो!"

रूपालीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, हा कोण?"

"कोण म्हणजे? ओम!"

"ओमचे पुढचे दोन दात पडलेत. हा दाण्यांची अख्खी रांग सोलतोय!"

मी त्याचा गॉगल वर केला. खाली भलतेच डोळे होते.

"बाळा, तुझं नाव काय?"

"अयान."

"मग माझ्याबरोबर का आलास?"

"अब्बू म्हणाले, पोपटी टी-शर्ट सोडायचा नाही," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा कणसाला तोंड लावलं.

एवढं पाणी, एवढी माणसं, आणि माझा ओम त्यात कुठेतरी एकटा! मी पळत सुटलो. मागे अयान, त्याच्या मागे रूपाली, तिच्यामागे स्वरा आणि सगळ्यात मागे नऊवारीचा काष्टा सावरत आई.

"पप्पा, हत्ती!" स्वरा ओरडली.

"मध्ये बोलू नकोस! आणीबाणी आहे!"

मी एका सुरक्षारक्षकाला गाठलं. "भाऊ, माझा मुलगा हरवलाय!"

"काय घातलंय त्याने?"

"पोपटी टी-शर्ट! मागे 'सुरक्षा प्रथम'!"

त्याने शांतपणे लाटांच्या तलावाकडे बघितलं. तिथं सगळं पोपटी हिंदकळत होतं. "राव," तो म्हणाला, "यातला कुठला पण न्या."

"पप्पा, अहो, हत्ती..."

"स्वरा, गप्प!"

'पळू नका, फरशी ओली आहे' अशी पाटी होती. त्या पाटीखालीच मी घसरलो आणि थेट लहान मुलांच्या डबक्यात बसकण मारली. गुडघाभर पाण्यात बसून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला नवस बोललो. ओम सापडू दे, पुन्हा कुणाला सूचना देणार नाही.

आणि लाउडस्पीकर खरखरला.

"लक्ष द्या. ओमचे पप्पा हरवले आहेत. पोपटी टी-शर्ट, मिशा, थोडं टक्कल. कुणाला सापडल्यास हत्तीखाली आणून सोडावे. ओमचे पप्पा, तुम्ही घाबरू नका. पळू नका. ओम तुमची वाट बघतोय."

डबक्यातल्या सगळ्या आयांनी माझ्याकडे वळून बघितलं. मिशा आणि टक्कल तपासलं. दोघींनी मला हात देऊन उठवलं.

हत्तीखाली ओम ताठ उभा होता. शेजारी घामाघूम झालेला एक पोपटी टी-शर्ट. "अब्बू!" म्हणत अयान त्याला बिलगला. मी ओमला उचलून छातीशी धरलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तसाही मी आधीच ओला होतो.

"मी खाली आलो तर तुम्ही दुसऱ्यालाच घेऊन चाललेले," ओम म्हणाला. "म्हणून मी इथं आलो. या काकांना पण सांगितलं, इथंच थांबा, अयान येईल. तुम्हाला एवढा वेळ का लागला?"

अयानच्या अब्बूने माझ्या पाठीवरची अक्षरं वाचली. "भाऊ, तुम्ही पण सेफ्टीवालेच काय?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "हा टी-शर्ट मेव्हण्याचा आहे."

"असं कसं?" आई धापा टाकत येऊन पोचली. "सेफ्टीचा सायेब हाय माजा ल्योक! ही समदी त्याच्याच हाताखालची हायत!"

पुढच्या सहलीला मी टी-शर्टचा विषय काढलाच नाही. ओमनेच काढला. आता आमच्या घरात पोपटी टी-शर्ट मी एकटाच घालतो. पाठीवरच्या 'सुरक्षा प्रथम'खाली त्याने मार्करने लिहून ठेवलंय, "सापडल्यास हत्तीखाली आणून सोडावे."