उलटा ठेवलेला फोटो

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, क्लबातल्या एकाही माणसाजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ काढायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का काढतोय? — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. आणि खरं सांगायचं तर नेमकं काय कबूल करायचंय तेही मला धड कळलेलं नाही. चूक म्हणू? मुद्दाम केलं म्हणू? दोन्ही म्हणून पाहिलंय, एकही बसत नाही.

गोष्ट साधी आहे, एका फोटोची. एवढ्याशासाठी हा माणूस इतका घसा खाकरतोय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचो. घरची जमीन अर्धापूरकडे, केळी आहेत, भाऊ बघतो. मला फोटोचा नाद. आमच्याकडे हौशी फोटोवाल्यांचा एक क्लब आहे — क्लब म्हणजे काय, वाचनालयाच्या वरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्रत्येकाच्या गळ्यात पगाराला न परवडणारा कॅमेरा. महिन्यातून एकदा पहाटे गोदावरीच्या घाटावर जायचं, सगळ्यांनी मिळून एकाच नावाड्याचा फोटो काढायचा आणि मग चहा पिताना आपला नावाडी कसा वेगळा ते एकमेकांना पटवायचं. यात आमची वर्षं गेली. मजेत गेली.

सोनकांबळे मला तिथेच भेटला. रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. वयाने माझ्याच बरोबरीचा, तरी तो मला ‘सर, तुम्ही’ म्हणायचा आणि मी त्याला ‘अरे, तू’. हे कधी ठरलं? कुणी ठरवलं? तेव्हा मनातही आलं नाही. आता येतं. बाकी दोस्ती पक्की होती. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी अर्धा जिल्हा पालथा घातलाय.

वर्षातून एकदा क्लबात प्रिंटची स्पर्धा असते. मोठी प्रिंट काढायची, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवायची, मागे एक चिठ्ठी लावायची — तिच्यावर नाव, शीर्षक आणि फोटोची वरची बाजू दाखवणारा बाण. हॉलच्या पुढच्या टोकाला लाकडी स्टँड, त्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट. एक जण एकेक प्रिंट उचलून स्टँडवर ठेवतो, परगावचे परीक्षक पाहतात, चार शब्द बोलतात, गुण देतात, प्रिंट खाली उतरते. नाव त्यांना दिसत नाही. आणि एक नियम — ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं की प्रिंट बाद.

हा नियम सोनकांबळेनेच आणला होता. आमच्यातले एक डॉक्टर आपली प्रिंट स्टँडवर आली की उभे राहून तिची जन्मकथा सांगायचे. किती थंडी होती, मोर किती वेळाने आला, वगैरे. परीक्षक बिचारे कंटाळून गुण देऊन टाकायचे. सोनकांबळे म्हणाला, फोटोत जे दिसतं तेवढंच धरा, बाकी गप बसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, त्यांना बहुतेक कळलं नसावं.

प्रिंट मांडायचं काम माझ्याकडे होतं. सर नीटनेटके आहेत, सरांचा हात लागला की डाग पडत नाही, असं सगळे म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं.

आता सुनंदावहिनी. सोनकांबळेची बायको. या बाईला फोटोचं वावडं होतं. नवरा असा कॅमेरावेडा आणि घरात हिचा एक धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोतही मान खाली. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून स्वयंपाकघरात. का, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि तोही जबरदस्ती करणाऱ्यातला नव्हता. पण एका सकाळी ती त्याच्याबरोबर घाटावर आली होती, शेवटच्या पायरीवर उभी होती, नदी संथ होती. त्याने अंदाज घेत विचारलं. ती म्हणाली, मला काढू नका, पाण्यातली काढा.

त्याने पाण्यातली काढली. फोटोत तिचे फक्त खरे पाय आणि दगडाची कड. बाकी सगळी ती पाण्यात — पातळ, अंग हलतं, पण चेहरा स्वच्छ. आणि मान वर. तिला वाटलं असेल, पाण्यातल्या बाईला कोण बघतंय. मग त्याने प्रिंट फिरवली, पाय खाली आणि चेहरा वर. फिरवल्याबरोबर ती बाई सरळ उभी राहिली. पाण्यातच उभी, ताठ, समोर बघणारी.

स्पर्धेच्या आधी टपरीवर चहा पिताना त्याने मला ती दाखवली होती. कुठली बाजू वर तेही समजावून सांगितलं होतं. म्हणजे बाण मला बघायचीही गरज नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण मी पुढे काहीही म्हणालो तरी हे खरं आहे.

मला तो फोटो फार आवडला. मी त्याला म्हणालो, बरा आहे, जरा गोंधळ वाटतो.

स्पर्धेला लातूरहून परीक्षक आले होते. वहिनीही आल्या — पहिल्यांदाच. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसल्या होत्या, नवी साडी नेसून. तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, सर, ही स्वतःहून आली बरं का. आणि मी बरं बरं करत चिठ्ठ्या तपासत होतो.

ती प्रिंट माझ्या हातात आली. आता इथे मी अडखळतो. दरवेळी इथेच अडखळतो. बाण वर होता, माझा अंगठा त्याच्यावरच होता, एवढं मला स्वच्छ आठवतं. मग मी स्टँडकडे वळलो आणि प्रिंट ठेवली — उलटी. पाय वर, डोकं खाली. हात आपोआप फिरला का? पाण्यातलं प्रतिबिंब खाली डोकं करूनच दिसतं, डोळ्याला तशीच सवय असते, असं मी विद्यार्थ्यांना शिकवायचो. की मी फिरवला? मला माहीत नाही. शपथेवर सांगायला लावलंत तरी माहीत नाही.

पण ठेवल्यानंतरचं माहीत आहे. ठेवल्याबरोबर मला दिसलं की ती उलटी आहे. माझा हात अजून पुठ्ठ्यावर होता. फिरवायला किती वेळ लागतो? सॉरी म्हणायचं आणि फिरवायची. दुसऱ्या कुणाची प्रिंट अशी झाली असती तर मी तेच केलं असतं. मी हात काढून घेतला.

परीक्षकांनी डोळे बारीक केले. म्हणाले, वरून बाई कापली आणि नुसतं प्रतिबिंब ठेवलं, हे काय केलं. मग त्यातले मोठे होते ते मिश्कीलपणे बोलले, “ही बाई पोहायलीय का बुडायलीय?”

हॉल हसला. मीही हसलो. तोंडातल्या तोंडात नाही — चांगलं आवाज करून हसलो. 

सोनकांबळे खुर्चीतून अर्धा उठला होता. तोंड उघडलं होतं. मग त्याला त्याचाच नियम आठवला असणार, कारण तो तसाच परत खाली बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो — मदतीसाठी पाहिलं. सरांच्या लक्षात येईल आत्ता, असं. मी पुढची प्रिंट उचलली. मागे पाहिलं तेव्हा वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला होता आणि त्या जिन्याकडे निघाल्या होत्या. घाई नाही, काही नाही. बाजारातून घरी निघावं तशा.

निकाल लागला की मागच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, ही आमची पद्धतच आहे. मी सगळ्यांच्या काढल्या, त्याचीही काढली. तोपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं, एवढं तरी तुम्ही माना. नाही मानलंत तरी चालेल.

खाली गाड्यांपाशी तो थांबला होता. वहिनी जरा पलीकडे पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्याने विचारलं, “सर, मागं बाण होता ना?”

होता, म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा मी म्हणालो, “नव्हता रे. मी बघितलं ना.”

तो विचारात पडला. आठवायला लागला. आणि हे मला सगळ्यात जास्त छळतं — त्याने माझ्यावर शंका घेतलीच नाही, स्वतःवर घेतली. “मग म्याच इसरलो,” म्हणाला. तसाच बायकोकडे गेला आणि तिलाही तेच सांगितलं, की चूक माझी हाय, बाण काढायचा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आयुष्यात एकदा तिने मान वर केली होती, आणि नवऱ्याच्या वेंधळेपणामुळे चार लोक तिला हसले — तिच्या लेखी हे असं घडलं. माझ्यामुळे तिच्या लेखी ते तसंच राहिलं.

का केलं? मी किती कारणं लावून पाहिलीत. हेवा म्हणावा, तर माझा केळीबाजाराचा फोटो त्याच्या आधीच कमी गुण घेऊन खाली उतरला होता. मला त्याच्या फोटोपासून काहीच धोका नव्हता. गंमत म्हणावी, तर गंमत नंतर कबूल करता येते. एक कारण मात्र आहे, ज्याच्यापाशी मी जातो आणि परत फिरतो. टपरीवर तो फोटो पाहिला तेव्हा माझ्या मनात आलं होतं — ह्याला कसं जमलं? आणि जोर ‘ह्याला’वर होता. डॉक्टरांना जमलं असतं तर तो जोर आला असता का? आमच्या आळीतल्या कुणाला, आमच्या सोयऱ्यातल्या कुणाला जमलं असतं तर? मी सुधारलेला माणूस आहे. त्याच्या घरी जेवलोय, तो माझ्या घरी जेवलाय. पुरोगामी बोलण्यात मी कॉलेजात कधी कुणाला हार गेलो नाही. आणि तरी हा प्रश्न आला की उत्तर यायच्या आत मी उठून काहीतरी दुसरं काम काढतो. आत्ताही लिहिता लिहिता पाणी प्यायला उठलो होतो.

त्यानंतर सोनकांबळे क्लबात येत राहिला. पण माणसांचे फोटो त्याने सोडले. पक्षी, झाडं, रुळांमधलं गवत. वहिनींनी पुन्हा कॅमेरा समोर येऊ दिला नाही. मुलाच्या लग्नातही त्या फोटोग्राफरला चुकवत हिंडत होत्या. ती प्रिंट कुठे आहे विचारलं तर तो म्हणाला, तिनं फाडून टाकली, मूळ फोटोही काढून टाकायला लावला. यावर मी काय म्हणालो? अरेरे म्हणालो.

तो निवृत्त झाला आणि रेणापूरला मुलाकडे गेला. मुलगा तिथे शिक्षक आहे. अधूनमधून मोबाइलवर त्याने काढलेले सातभाई, कोतवाल असे पक्षी यायचे, मी अंगठ्याचं चिन्ह पाठवायचो. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. वहिनी गेल्या होत्या. झोपेतच गेल्या. तो रडत नव्हता, अडचणीत सापडल्यासारखा बोलत होता. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, फोटो ठेवायचाय आणि घरात फोटोच नाही. जन्मभर फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात. आधार कार्डावरचा आहे तेवढाच, तो पुसट आहे, तर सर, तुम्ही जरा साफ करून द्याल का.

मी दिला करून. कॉम्प्युटरवर बसून त्या नखाएवढ्या चेहऱ्यावरचे डाग काढत राहिलो. त्यात त्या नीट दिसतच नव्हत्या. डोळे घाबरलेले, तोंड आवळलेलं, खांद्यामागे कार्यालयाची भिंत. मला ती पाण्यातली बाई सारखी आठवत होती, आणि ती आता मी सोडून आणखी एकाच माणसाला आठवत होती. मी भिंत काढून मागे फिका निळा रंग टाकला. आणखी काय करता येणार होतं?

कार्यक्रमाला मी लातूरमार्गे रेणापूरला गेलो. अंगणात मांडव होता, पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, समोर मेणबत्त्या आणि तो फोटो. मोठा केल्यामुळे तो आणखीच परका दिसत होता. शेजारची एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, अशी न्हवती सुनंदा. बुद्धवंदना झाली, एकदोघे बोलले, मग सोनकांबळे उभा राहिला. बायकोने केलेले कष्ट सांगितले, मुलाचं शिक्षण सांगितलं. मग फोटोकडे हात करून म्हणाला, “हिचा एकच चांगला फोटो मी काढला होता. माझ्या चुकीनं लोक हिला हसले, मग हिनं पुन्हा काढूच दिला न्हाई. ते माझ्यामुळं झालं. हा चेहरा तरी सरांनी आणून दिला. ते माझे दोस्त हायेत, नांदेडहून आलेत.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. म्हातारीनेही पाहिलं. सोनकांबळे हात पुढे करून मला उभं राहायला सांगत होता, आणि मी उभा राहिलो. हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसलो.