एका शिडाची होडी

कवळ्या बनवण्यात उभी हयात गेली, म्हणून गल्लीत सगळे त्यांना दातवालेच म्हणत. हाताला सफाई, बोलणं मात्र जेमतेम. बोलायचं खातं बायकोकडे होतं. दुकान भाच्याच्या हवाली करून ते घरी बसले, त्याच सुमाराला दूरदेशी राहणाऱ्या मुलीला बाळ झालं आणि बायको मदतीला गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली, ती तिथलीच झाली.

घर खायला उठलं. मग एके दिवशी दातवाल्यांनी सोफा भिंतीशी उभा केला आणि प्लायवूड आणलं. तळ्यावर त्यांनी एकदा कॅटामरान पाहिली होती. दोन अरुंद होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या आणि मध्ये बसायला ताणलेली जाळी. तिथेच बायकोला ते म्हणाले होते, "आपण दोघं अशी चालवू. एक दोरी तुझी, एक माझी." ती हसली होती. तो होकार आहे असं ते धरून चालले.

एक होडी दिवाणखान्यात तयार झाली, दुसरी झोपायच्या खोलीत, पलंगाच्या बायकोच्या बाजूला. कवळीला द्यावी तशी ते लाकडाला झिलई देत. इपॉक्सी गोंदाचा वास उशीतसुद्धा शिरला. शेजारचे वकील अधूनमधून डोकावत.

"ही दारातून बाहेर निघणार, की पाणीच आत आणणार आहात?"

"भाग सुटे होतात," दातवाले म्हणत. तेवढ्यावर संभाषण संपे.

शिडासाठी ते तंबू शिवणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी जमिनीवर खडूने दोन आकृत्या काढल्या.

"काका, ही उंच डोलकाठी. मागे मोठं शीड, पुढे छोटं. पळते झकास. पण वळताना पुढच्या शिडाची दोरी सोडून दुसऱ्या बाजूची ओढायला माणूस लागतं. आणि उलटली तर एकट्याच्या वजनाने सरळ होत नाही. ही दुसरी ठेंगणी, एकच शीड. जरा सुस्त आहे, पण एकट्याला झेपते. तुमच्याबरोबर कोण असणार?"

"बायको."

"मग दोन शिडं घ्या. काकूंना एकदा आणा, दोरी ओढून बघू देत."

"येईल लवकरच," दातवाले म्हणाले.

त्या रविवारी बायकोचा फोन आला. "अहो, हिला पुन्हा दिवस गेलेत."

"अरे वा."

"म्हणजे आता माझं येणं…"

"कळलं."

"रागावलात?"

"नाही गं. आनंदाचीच गोष्ट आहे."

"जेवणाचे हाल करू नका."

फोन ठेवल्यावर ते पलंगावर बसून राहिले. शेजारच्या होडीवर हात होता, पण घासायचं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "एकच शीड करा." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पायानेच उंच डोलकाठीची आकृती पुसून टाकली.

वकिलांच्या मदतीने होडी तळ्यावर नेली. पहिल्या दिवशी शिडाने त्यांना दोनदा टपली मारली. मग हळूहळू वारा कळायला लागला. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोरी. दोन्ही हात गुंतले की डोकं शांत राहायचं. ते रोज जाऊ लागले.

दुसरा नातू रांगायला लागल्यावर बायको सुट्टीसाठी आली. "बसवाल का मला?" तिने आपणहून विचारलं. तिला जाळीवर बसवून त्यांनी होडी लोटली. वारा बेताचा होता. वळायची वेळ आली तशी ती सावरून बसली.

"मी काय करू?"

"काही नाही. डोकं खाली घे फक्त."

शीड तिच्या डोक्यावरून पलीकडे गेलं. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. "दोन दोऱ्या असतात म्हणाला होतात," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"तशीही करता येते."

ते शिडाकडे बघत राहिले. काठावर उतरताना त्यांनी तिला हात दिला.

सुट्टी संपली आणि ती परत गेली. विमानतळावरून दातवाले घरी न जाता थेट तळ्यावर गेले. वारा चांगला होता.