मिठाची वाटी

काळा मसाला भाजल्याचा वास आला की भिंगारच्या शाळेचे ते उजाड मैदान आठवते. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी गावातल्या हॉटेलांनी तेथे आपापले पदार्थ चाखायला मांडले होते. माझ्या वडिलांच्या खाणावळीची आमटी नावाजलेली. पण त्या वर्षीच्या तापाने त्यांच्या जिभेची चव गेली होती, आणि हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी त्यांनी मीठ अंदाजाने घातले होते. "कशी झालीय?" ते प्रत्येकाला विचारत. "लई झ्याक, मालक!" म्हणत लोक द्रोण घेऊन शेजारच्या हॉटेलवाल्याच्या टेबलाशी जात आणि तिथल्या वाटीतले मीठ हळूच आमटीत टाकत. अखेर तो शेजारी हसत ओरडला, "अहो मालक, तुमच्या गिऱ्हाइकांनी माझं मीठ संपवलं की!" वडिलांनी समोरच्या द्रोणांकडे एकदा पाहिले, पळी आईच्या हाती दिली आणि ते मैदानाबाहेर गेले. त्यानंतर ते कधीच चुलीपुढे बसले नाहीत. आजही माझ्या घरी पाहुण्याने वरून मीठ मागितले, की ते देताना मला त्याच्याकडे पाहवत नाही.