कलम एकच, कोर्टं दोन

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा भागीदार पुण्यात घाऊक औषधं विकायचे. वेदनाशामक गोळ्यांची एक खेप निघाली तेव्हा त्यांच्या परवान्याची मुदत संपली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. भाऊ त्या आठवड्यात दिल्लीत, आर. के. पुरमला, आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये उतरला होता. करोल बागेतल्या गोदामातून माल सोडवायला गेला आणि तिथेच त्याला अटक झाली. उरलेला माल पुण्यात सापडला, तिथे भागीदाराला धरलं. त्या गोळ्या नशेसाठीही वापरतात, म्हणून कायदा केंद्राचा, अमली पदार्थांचा. कलमही तेच.

पुण्याच्या सरकारी वकिलांनी कागद पाहिले आणि जामिनाला फारसा विरोध केला नाही. दोन महिन्यांत भागीदार घरी. दिल्लीत मात्र दर तारखेला कडाडून विरोध. पुण्याच्या आदेशाची प्रत मी आमच्या वकिलांपुढे ठेवली.

"मॅडम, वो पुणे है," ते म्हणाले. "यहाँ ऐसे केस में कोई ढील नहीं देता."

"पण कायदा तर एकच आहे ना?" मी मराठीतच बोलून गेले. ते फाइल बांधू लागले.

तुरुंगातल्या भेटीत भावाने काचेपलीकडे फोन उचलला.

"ताई, तो सुटला?"

"हो."

"चलो, बरं झालं. पुण्यात आईकडे बघायला कुणीतरी हवं."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

भागीदार खरंच रोज आईकडे जायचा. तिसऱ्या वर्षी आई गेली. अंत्यविधीसाठी भावाला सोडावं म्हणून अर्ज केला, त्याची सुनावणी दुसऱ्या दिवशी लागली. तेवढं थांबता आलं नाही. अग्नी भागीदाराने दिला.

"ताई, इथं त्याने असायला हवं होतं," तो रडत म्हणाला.

मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याचा काय दोष होता? तरी नाही बोलले.

पुढच्या वर्षी दिल्लीच्या कोर्टाने मानलं, की चूक परवान्याची होती, गुन्हा नव्हता. भाऊ निर्दोष सुटला. घरी आला, चहा घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाला,

"शेवटी आईने माझं नाव काढलं?"

"रोज काढायची," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पण त्या दिवसांत ती भागीदारालाच भावाच्या नावाने हाक मारायची, आणि तो 'ओ' द्यायचा, हे मला अजून सांगता आलेलं नाही.