शिवशरण मॅडम आणि माझा निरंक

शिवशरण मॅडमची आणि माझी पहिली भेट गौरवग्रंथात छापण्यासारखी नाही. तरी संपादक मंडळाचा आग्रह आहे, म्हणून सांगतो. तेव्हा मी मैंदर्गीजवळच्या एका गावात ग्रामसेवक होतो. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या मॅडम भर दुपारी सोलापूरहून एस.टी.ने आल्या आणि त्यांनी गावची जैवविविधता नोंदवही मागितली. ती तोवर कुणीच मागितली नव्हती. मी धूळ झटकून पुढे केली. 'पारंपरिक वाण' निरंक. 'जाणकार व्यक्ती' निरंक. शेवटच्या पानापर्यंत निरंक.

"भाऊसाहेब, या गावात माणसं राहतात ना?" त्यांनी विचारलं.

सरकारी नोकरी केलेल्यांना 'निरंक' या शब्दाची थोरवी सांगायला नको. माहिती नसली की निरंक, वेळ नसला की निरंक, आणि वरून फोन आला की सगळंच निरंक. मला वाटलं, बाई चार शब्द सुनावतील आणि परतीच्या गाडीने जातील. कसलं काय! त्या मला तशाच उन्हात गावातल्या गंगव्वा नावाच्या वयस्क शेतकरीण बाईंच्या दारी घेऊन गेल्या.

गंगव्वांच्या घरात लाह्यांची ज्वारी पिढ्यान्पिढ्या जपलेली. राखेत घालून मडक्यात ठेवलेली. तव्यावर टाकली की पांढरीशुभ्र फुलते, एक गणंग राहत नाही. कुठल्याशा बियाणे कंपनीचा माणूस येऊन त्यातलं बी घेऊन गेला होता. मॅडमनी पिशवीतून दुधनीच्या दुकानात मिळालेलं त्याच कंपनीचं चकचकीत पाकीट काढलं. गंगव्वांनी त्यातली मूठभर तव्यावर टाकली आणि हसल्याच.

"ही माजीच की! आता पाकिटात घालून मलाच दावतेत व्हय?"

"तुम्ही दिलीत कशाला?" मी विचारलं.

"बी मागितल्यावर न्हाय कसं म्हणायचं? पदर न्हवता त्येला, त्येच्या टोपीत घातलं. पर इचारायचं तरी, गावाचं नाव तरी घालायचं."

कायदा याहून वेगळं काही म्हणत नाही. गावचं वाण धंद्यासाठी न्यायचं तर गावाला विचारा, लाभ झाला तर गावाला वाटा द्या. मॅडमनी गावाच्या वतीने अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं, तुमच्याच नोंदवहीत असं वाण नाही. सोबत माझ्या अक्षरातल्या पानाची प्रत. खाली माझी सही, गोल शिक्का.

पुढची वर्षं मॅडमनी ज्या चिकाटीने काढली, तिचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी घरोघर फिरून नवी नोंदवही केली. वरच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, नंतरची नोंद चालणार नाही. त्यांनी ग्रामसभेचा ठराव आणला. साहेब बदलले. नव्या साहेबांना फाईल सापडेना. मॅडमनी दुसरी प्रत दिली, तेव्हा पहिली सापडली आणि दोन्हींत पृष्ठक्रमांक जुळत नाहीत म्हणून दोन्ही परत आल्या! मी असतो तर फाईल साहेबांच्या टेबलावर आपटली असती. मॅडमनी तिथेच बाकावर बसून पानांवर नव्याने आकडे घातले.

शेवटी एका कारकुनाने खरं सांगितलं. ज्याने जुनी वही भरली, त्याने चूक लेखी कबूल केली तर फाईल हलेल. हे मला त्या कारकुनाकडूनच कळलं. मॅडम एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझी नातेपुत्याकडे बदली झाली होती, निवृत्ती तोंडावर आली होती, आणि चौकशी लागली तर पेन्शन अडकते हे त्यांना ठाऊक होतं. दर पंधरवड्याला त्यांचा फोन यायचा. बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, डॉक्टरांचं नाव सुचवायच्या, ठेवून द्यायच्या. त्या न बोलण्याचा मला फार राग यायचा. एकदा तरी शिव्या घाला ना, असं वाटायचं.

आज मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गंगव्वा त्यांच्याहून मोठ्या आहेत आणि त्यांना आता तवाही नीट दिसत नाही. मॅडमना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. मात्र ते सगळं आयुष्य कार्यालयाच्या बाकावर जाऊ नये, म्हणून इथे पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाविना लिहून देतो की, सदर नोंदवही भरताना मी त्या गावातल्या एकाही घरी गेलो नव्हतो. ती एका दुपारी टेबलाशी बसून भरली. गंगव्वांच्या घरी लाह्यांची ज्वारी तेव्हाही होती. मॅडम, या पानाची झेरॉक्स फाईलला लावा. खाली सही केली आहे.