अर्धा कागद कोणाच्या हाती न देणाऱ्या नलिनीअक्का

नलिनीअक्कांची आणि माझी पहिली भेट पारोळ्यात आमच्या गल्लीतल्या देवळात झाली, आणि तीही थोड्या कुरकुरीने. आमच्या भजनी मंडळाची वही आणि सभामंडपाची किल्ली माझ्याकडे असते. एका गुरुवारी आरती झाल्यावर पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई लॅपटॉपची पिशवी सांभाळत माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "पंख्याशेजारी प्लग आहे, तिथे दर गुरुवारी तासभर बसले तर चालेल का? लोकांना शास्त्रज्ञांचे लेख शोधून द्यायचे आहेत."

मी विचारलं, "विजेचं काय?"

"समईला तेल लागतं, तेवढंच समजा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही, पण किल्ली मी दिली. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात लिहायला बसले, तर पहिल्यांदा तेच आठवतं.

अक्का मूळच्या ग्रंथपाल. अमळनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची सारी नोकरी झाली. सकाळच्या एस.टी.ने जायच्या, संध्याकाळच्या एस.टी.ने यायच्या. तिथल्या प्राध्यापकांनी लिहिलेले शोधलेख इंटरनेटवर सर्वांसाठी खुले व्हावेत, म्हणून त्या एकेकाच्या घरी परवानगीच्या सहीसाठी गेल्या. रावेरच्या एका निवृत्त सरांनी केळीवर बरंच काम केलेलं. ते म्हणायचे, "माझा लेख वाचून कोण काय करणार?" अक्कांनी वाद घातला नाही. त्यांना घेऊन केळी भरायच्या शेडवर गेल्या आणि तिथल्या बागायतदाराला म्हणाल्या, "पानं पिवळी पडतात त्यावर या सरांनी लिहिलंय." त्या बागायतदाराने सरांना दोन तास सोडलं नाही. चहा दोनदा झाला. परत निघताना सरांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. अक्का हे सांगतात तेव्हा अजून त्यांचा चेहरा खुलतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. शोधलेख म्हणजे काय, हे मला अक्कांकडूनच कळलं. काही लेख कोणालाही वाचता येतात. काहींचा वरचा सारांश तेवढा उघडा असतो आणि बाकीचं कुलूपबंद. एका लेखाची किंमत मी पडद्यावर पाहिली, तर तेवढ्यात आमचं महिन्याचं दूध येतं. मंडळातल्या कोणीतरी सांगितलं, की इंटरनेटवर सगळी कुलपं चोरून उघडणारीही एक जागा आहे. अक्का म्हणाल्या, "आपण कडी वाजवू. खिडकीतून शिरायचं नाही." मग त्या लेख लिहिणाऱ्यालाच ई-मेलने चार ओळींचं पत्र टाकतात, की आमच्या गावात अमक्या माणसाला हे वाचायचं आहे, प्रत मिळेल का. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. परक्या देशातला विद्वान पारोळ्याच्या देवळाला उत्तर देतो, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं.

आता जे लिहिते ते अक्कांना आवडणार नाही, कारण ते आठवलं की त्या अजून स्वतःलाच दोष देतात. पण त्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

आमच्या यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. रक्त फार घट्ट झालं तरी जिवाला धोका आणि फार पातळ झालं तरी धोका. पालेभाजी या गोळीला चालत नाही, असं मी मोबाइलवर वाचलं आणि गुरुवारी अक्कांना विचारलं. त्यांनी लेख शोधला. सारांश उघडा होता, पुढचं बंद. त्यांनी मराठीत समजावून सांगितलं, "हिरव्या पाल्यातल्या एका जीवनसत्त्वाने गोळीचं काम कमी होतं, असं वर आहे. पुढचं मागवते. उत्तर येऊ द्या, कुसुम." आणि सारांशाचा छापील कागद त्यांनी मला दिला.

उत्तराची वाट कोण बघतं? मी घरी आले आणि त्याच दिवसापासून मेथी, पालक, पोकळा सगळं बंद केलं. आमचे हे रोज वाटीभर पालेभाजी खाणारे. बिचारे वरणभाकरी खात राहिले. दहाबारा दिवसांत ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर काळेनिळे डाग दिसले. आम्ही धुळ्याला दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल केला का?" मी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी वाचला आणि शांतपणे म्हणाले, "हे खरं आहे, पण अर्धं आहे. गोळीचं माप यांच्या नेहमीच्या जेवणावर ठरवलेलं होतं. तुम्ही भाजी एकदम बंद केली, तर तीच गोळी जास्त झाली." यांना दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत माझ्या हातातली जपमाळ खाली ठेवली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का एस.टी.ने धुळ्याला आल्या. हातात पूर्ण लेख होता. लेखकाचं उत्तर त्याच सकाळी आलं होतं. शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं, की पालेभाजी बंद करू नका, रोज सारख्या प्रमाणात खा. अक्का खाटेपाशी उभ्याच राहिल्या. यांना म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी. मी हिच्या हाती अर्धा कागद दिला. पुढच्या गुरुवारपासून बसणं बंद करते."

आमचे हे अहिराणीच बोलतात. म्हणाले, "बसनं बंद करू नका, अक्का. मन्हं इतलंच म्हननं शे, भाजी चालू करी द्या." शेजारच्या खाटेवरचे बाबासुद्धा हसले. अक्कांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

तेव्हा मी बोलले. "अक्का, मी इतकी वर्षं पोथी वाचते. अध्याय अर्धा सोडून कधी उठले नाही. दारात कोणी आलं तरी ओवी पुरी करते. आणि इथे पहिली ओवी वाचून उठले. तुम्ही थांबा म्हणाला होतात. तुमचं बसणं बंद झालं, तर माझ्यासारखीला शेवटचं पान कोण दाखवणार?"

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग पिशवीतून चष्मा काढला, तिथेच स्टुलावर बसल्या आणि तो लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आम्हा दोघांना मराठीत वाचून दाखवला. नर्सबाईसुद्धा ऐकायला थांबल्या.

पुढच्या गुरुवारी त्या देवळात आल्या. तेव्हापासून नियम झाला: नुसता सारांश कोणाच्या हाती जात नाही. पूर्ण लेख आला, की तो पोथीसारखा बसून वाचायचा. ज्याचा प्रश्न असेल त्याने काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मगच कागद घरी न्यायचा, आणि औषधाचा विषय असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचा. कोणी घाई केली, तर अक्का माझ्याकडे बघतात आणि मी यांची गोष्ट सांगते.

आमच्याकडे आता एकच वाटी ठरलेली आहे. रोज तेवढीच पालेभाजी. तारीख, भाजी आणि रक्ताच्या तपासणीचा आकडा मी वहीत मांडते. डॉक्टर ती वही बघून म्हणतात, "असंच चालू द्या." लेखकांना पाठवायची चार ओळींची पत्रं आता बऱ्याचदा मीच टाइप करते. अक्का तपासतात, एखादा शब्द बदलतात आणि खाली माझं नाव घालायला लावतात.

अक्का, आमचे हे आता दर गुरुवारी सभामंडपात सतरंजी अंथरायला माझ्याआधी येतात. तुमच्यासाठी त्यांनी मला निरोप लिहायला सांगितलाय, तो तसाच देते: "अक्काले म्हना, तुमनाच नियम शे, अर्धामा उठानं नही." देव तुम्हाला धडधाकट ठेवो, दृष्टी चांगली राहो. पंचाहत्तर पानं झाली आहेत. पुढची आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायची आहेत, शेवटच्या ओळीपर्यंत. किल्ली माझ्याकडे आहे आणि प्लग तुमचाच आहे.