ढोपरवाल्या डिसोझा टीचर

रविवारची प्रार्थना आटोपली की डिसोझा टीचर चर्चमधून थेट मालवणच्या मटण बाजारात येत आणि मटण सोडून भलतंच मागत. "माका फक्त ढोपरां होयी. ताजी. आणि फोडू नको." खाटीक बकऱ्याचे गुडघे कागदात बांधून देई आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारी. टीचरकडे जेवायला गेलं की नुसत्या ढोपरांचा रस्सा मिळतो, अशी गावात वदंता होती.

त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि मी तिथेच मराठी. ढोपरांचं खरं काम प्रयोगशाळेत चाले. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खरवडून टीचर तिच्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवत, आजूबाजूच्या द्रवात कॅल्शियम कमीजास्त करत आणि पेशी कोलॅजेन किती बनवतात ते पाहत. कोलॅजेन म्हणजे काय, हे मला समजावताना त्यांनी काथ्याची दोरी हातात दिली होती. कूर्चेला बांधून ठेवणारा धागा तो. कॅल्शियम फार वाढलं की त्यांच्या पेशी तो धागा कमी विणत आणि हाडाच्या वळणावर जात. टीचर म्हणत, "चुनो वाढयलास तर भिंत होता, ढोपार नाय."

एका चर्चासत्रात त्यांनी हे मांडलं. बातमीदाराने विचारलं, गुडघेदुखीला उपयोग काय? टीचर म्हणाल्या, "बशीतल्या पेशींचा अजून बकऱ्यालाही उपयोग झालेला नाही." दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'गुडघेदुखीवर मालवणात इलाज.'

टीचरच्या पडवीत रांग लागली. कुणकेश्वरहून म्हातारी माणसं रिक्षा करून आली. एका बागायतदाराने काजूची पिशवीच पुढे ठेवली. टीचरनी प्रत्येकाला चहा दिला आणि औषध नसल्याचं सांगितलं. माणसं चहा पिऊन नाराज होऊन गेली. बाई मोठ्या माणसांसाठी औषध राखून ठेवते, असं ठरलं.

मोठं माणूस लगेच आलंच. आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आबा, यांच्या भाच्याने गुडघेदुखीवर भाजलेल्या शिंपल्यांची पावडर काढली होती. जाहिरात अशी: कॅल्शियम आणि कोलॅजेन, एकाच डब्यात. टीचरचा इन्क्युबेटर, म्हणजे पेशींना अंगाइतकी ऊब देणारं कपाट, तेव्हाच सारखा बंद पडू लागला होता. आबा म्हणाले, "नवीन मिळेल. तुम्ही फक्त पावडरीच्या उद्घाटन समारंभात दोन चांगले शब्द बोला."

मी म्हटलं, "टीचर, दोनच शब्द तर आहेत."

"पेशींनी माझ्याजवळ खोटां बोललेला नाय," त्या म्हणाल्या. "मी तेंच्या नावार कशाक बोलू?"

समारंभात शाल-श्रीफळ झालं आणि टीचर ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. शुद्ध मराठीत म्हणाल्या, "ही पावडर खाल्ल्याने गुडघ्यातल्या पेशींना काहीही कळणार नाही. पोटाला मात्र कळेल. मूतखडा असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये." मग सूत्रसंचालक म्हणाला, "म्हणजे पोटालाही गुणकारी," आणि टाळ्या पडल्या. डबे संध्याकाळपर्यंत संपले.

नवा इन्क्युबेटर आला नाही आणि जुना कायमचा थंड पडला. टीचरनी पेशींवर जंतुनाशक ओतलं, तेव्हा मी जवळ होतो. "मेल्या?" मी विचारलं. "मेल्यो नाय. मारलंय," त्या म्हणाल्या आणि बश्या धुवायला घेतल्या. नळ बराच वेळ चालू होता. पुढे प्रयोगशाळेची खोली पावडरीचं गोदाम झाली.

निवृत्तीनंतर त्या मडगावला बहिणीकडे राहायला निघाल्या. मी सामान रिक्षात ठेवत होतो, तेवढ्यात आबा काठी टेकत आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "टीचर, माझ्या ढोपराक काय करू?"

टीचर वाकल्या. त्यांनी आबांचा सुजलेला गुडघा हलकेच चाचपला. बशीतल्या पेशींशी वागत तशाच मायेने म्हणाल्या, "आधी डॉक्टराक दाखवा. वजन उतरवा. झेपात तितक्या चला. आणि ती पावडर बंद करा."

आबांनी मान डोलवली. मग पडेल आवाजात म्हणाले, "बाकीचा सगळा करतंय. पण पावडर कशी सोडू? डब्यार फोटो माझो आसा."